दाढ जागेवर आहे

माझी एकही दाढ कधी काढलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लासुर्ण्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर अजून अशी माणसं आहेत, की मी दिसले की विचारतात, "आता चावतंय का नीट?" चावतंय. पहिल्यापासून चावत होतं.

झालं ते असं. कारखाना सुरू होऊन ऊसतोड जोरात होती आणि प्राथमिक शाळेच्या मैदानात बायकांच्या तपासणीची एक मोठी गाडी येऊन उभी राहिली. आत छातीचा फोटो काढायचं मशीन. आशाताई चाळिशीच्या पुढच्या बायकांना घरोघरी जाऊन बोलवत होती. बायका हो म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. मी गेले त्याला मोठं काही कारण नव्हतं. सकाळची धार काढून झाली होती, दूध डेअरीला गेलं होतं, तिथं रक्तदाब फुकट बघतात म्हणाली म्हणून गेले. मला कुठं काही दुखत नव्हतं, हाताला काही लागत नव्हतं. मशीनच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबून धरली तेव्हा मात्र मी त्या मशीनवाल्या पोरीला म्हणाले, "अगं, चपाती लाटतीस का काय?" ती हसली आणि म्हणाली, "श्वास धरा, काकू."

थोड्या दिवसांनी फोन आला. डाव्या बाजूला फोटोत काहीतरी दिसतंय, बारामतीला येऊन सोनोग्राफी करून घ्या.

आमचे हे मला मोटारसायकलवरून बारामतीला घेऊन गेले आणि बाहेर बाकड्यावर मान खाली घालून बसले. आतली डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं पडदा माझ्याकडे फिरवला आणि एक काळा ठिपका दाखवला. हरभऱ्याएवढा. मी सरळ विचारलं, कॅन्सर आहे का. ती म्हणाली, "अशा गाठी बऱ्याचदा साध्याच निघतात. पण फोटोवरून मी नक्की सांगू शकत नाही, कुणीच नाही. सुईनं बारीक तुकडे काढून तपासायला पाठवायचे, मग कळेल." मी विचारलं, नाही काढले तर? "तर तुम्हाला कळणार नाही, आणि मलाही नाही," ती म्हणाली. मला तिचं बोलणं आवडलं. उगाच पाठीवरून हात फिरवला नाही की घाबरवलं नाही.

आता घरचं सांगते. आमच्या घरात कारभार थोरल्या दिरांचा. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणते. माणूस वाईट नाही. पाण्याची पाळी असो, उसाची तोड असो, सोयरीक असो, सगळीकडे आबा पुढे. फक्त लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी कधी सरळ बोलले नव्हते. आमच्याकडे धाकट्या भावजया थोरल्या दिराशी तसं बोलत नाहीत. पदर पुढे ओढायचा आणि काय सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं, ते शेजारीच बसलेले असतात, ऐकतात. नवरा घरात नसला तर भिंतीला सांगायचं. त्यांचंही तेच, "तिला सांग" म्हणून सुरुवात करायची, मी समोर उभी असले तरी. इतकी वर्षं हे असं चाललं आणि कुणाचं काही अडलं नाही.

त्या दिवशी ओसरीवर आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ह्यांना म्हणाले, "तिला सांग, सुई लावायची न्हाय. सुई लावली की गाठ पसरती. आपल्या चुलतीचं काय झालं बघितलंय न्हवं?"

चुलत सासूबाईंचं सगळ्या भावकीनं बघितलं होतं. गाठ आली, सुई लावली आणि पुढच्या दिवाळीला त्या नव्हत्या. पण त्याच्या आधी त्यांनी ती गाठ दोन वर्षं पदराखाली लपवली होती, पाला बांधला होता, कुठल्या कुठल्या भुकट्या लावल्या होत्या, हे कुणी काढत नाही. सुई शेवटी आली म्हणून सगळा दोष सुईच्या माथी. मला हे माहीत होतं, कारण पाला वाटून द्यायला मीच होते.

आबांचं दुसरंही कारण होतं, आणि ते पहिल्यापेक्षा जड होतं. माझ्या लेकीची सोयरीक वडगाव निंबाळकरला जमली होती. सुपारी फुटली होती, साखरपुड्याचा दिवस धरायचा होता. "त्यांच्या कानावर गेलं तर?" आबा म्हणाले. "आईला असला आजार म्हणल्यावर कोण पोरगी करून घेतंय? आधी लगीन उरकू दे. मग काय टोचायचं ते टोचा. हाताला लागत न्हाय, दुखत न्हाय, चार-सा म्हयनं काय हुतंय?"

हे मान डोलवत होते. मान डोलवणं हे ह्यांचं आयुष्यभराचं काम.

मला राग आला. साधा नाही, पायाच्या नखापासून आला. त्याच्या मागच्याच महिन्यात आमच्या काळ्या गाईची कास दगडी झाली होती. रोज धारेच्या आधी सड पिळून दूध बघायचं, गुठळी दिसते का, कास गरम लागते का, हे आमच्या गोठ्यात लहानथोर सगळे करतात. त्या दिवशी आबांनी स्वतः खाली बसून कास चाचपली, डॉक्टरला फोन लावला, तो येईपर्यंत फाटकात उभे राहिले. गावच्या चावडीवर त्यांनी चारचौघांत गाईच्या कासेची हकिगत सांगितली आणि कुणाला लाज वाटली नाही.

मी पदर मागे सारला आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "आबा, काळीची कास दगडी झाली तवा तुमी डॉक्टर येईस्तोवर च्यासुदिक घेतला न्हाय. तवा म्हणला न्हाय, चार-सा म्हयनं काय हुतंय. मी ह्या घरात गाईपरास कमी हाय का?"

हे चपलेकडे बघायला लागले. मला वाटलं, आता थांबावं, पण तोंड थांबेना. "अन् सुईचं म्हणाल तर कारखान्याचा मानूस ऊस पिकलाय का बघाया येतो. कांड्याला टोचून थेंबभर रस काढतो अन् मशिनीत बघतो. तवा आपला फड वाळलाय का कवा?"

"ऊस अन् बाई येक हाय का?" आबा ओरडले. ओरडताना "तिला सांग" म्हणायचं विसरले. पंचवीस-तीस वर्षांत माझ्याशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

"न्हाय," मी म्हणाले. "ऊस तोडला तरी बुडख्याला परत खोडवा फुटतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारामतीला जायला एसटीच्या थांब्याकडे निघाले, तर हे मोटारसायकल पुसत उभे. "बस मागं," म्हणाले. एवढंच. आबांना विचारलं का, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

निघताना लेक फाटकापर्यंत आली. कॉलेजला सुट्टी म्हणून घरी होती. मुलगा तिला पसंत होता, फोनवर बोलणं चालायचं, बोलताना आवाज बारीक व्हायचा, आम्ही न ऐकल्यासारखं करायचो. तिनं माझा हात धरला. "आई, तू जा. मी अडवत नाही. पण कुणाला सांगू नको गं. रिपोर्ट येईस्तोवर तरी. आबा म्हणतात, दाढ काढायला गेली म्हणून सांगू. तेवढं राहू दे माझ्यासाठी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आबांना उत्तर देणं सोपं होतं, हिला नव्हतं. मी म्हणाले, बरं, दाढ तर दाढ.

दवाखान्यात एका कागदावर सही करायची होती. मी विचारलं, घरच्या कुणाची लागेल? बाहेर हे आहेत, बोलवू का? डॉक्टरीण म्हणाली, "कशाला? गाठ तुमची, सही तुमची." मी आतापर्यंत सोसायटीत, बँकेत, डेअरीत किती सह्या केल्या असतील, पण प्रत्येक ठिकाणी सही कुठं करायची ते दाखवायला आबांचं बोट असायचं. तिथं बोट नव्हतं. मी माझं नाव नीट, सावकाश काढलं.

मला उताणं झोपवून डावा हात डोक्यावर घ्यायला लावला. गार जेली, मग भुलीचं इंजेक्शन. ते टोचलेलं कळलं, मुंगी चावल्याहून जास्त, विंचवाहून पुष्कळ कमी. मग तिनं हातात एक पिस्तुलासारखं यंत्र घेतलं आणि म्हणाली, "आधी हवेत वाजवून दाखवते, म्हणजे आत असताना दचकणार नाही." खट् असा आवाज झाला. मला हसू आलं. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, गाईच्या कानात बिल्ला मारायची पक्कड असते ना, तिचा आवाज अगदी हाच. ती म्हणाली, मग तुम्हाला काही नवीन नाही.

मी डोळे मिटले नाहीत. पडद्यावर काळा ठिपका होता आणि एक पांढरी रेघ हळूहळू त्याच्याकडे सरकत होती. ती रेघ म्हणजे सुई, आणि तो ठिपका म्हणजे ज्याच्यावरून आमच्या घरात आदल्या रात्री चूल नीट पेटली नव्हती तो. खट्. दाबल्यासारखं झालं, दुखलं नाही. तिनं बारीक तुकडा बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात सोडला. शेवयीचा तुकडा दिसावा तसा दिसला. असं चार-पाच वेळा केलं. मग नर्सनं बोटांनी बराच वेळ दाबून धरलं, बर्फ लावला, पट्टी बांधली. झालं. एवढ्यासाठी माणसं मरणाच्या गोष्टी सांगत होती. भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. भीती होती आणि मी गेले होते.

"जड उचलू नका, आज-उद्या धार काढू नका," डॉक्टरीण म्हणाली. त्या संध्याकाळी ह्यांनी धार काढली आणि काळीनं बादलीला लाथ घातली. मला बरं वाटलं.

आणि मग सुरू झालं दाढेचं प्रकरण. आमच्या भागात कुणाची दाढ काढली म्हटलं की लोक गप्प बसत नाहीत. शेजारणीनं शिरा पाठवला. तिच्या जावेनं मऊ भात, वर साजूक तूप. किराणा दुकानवाल्या भाभी लवंगाचं तेल आणि शेवयांची खीर घेऊन स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "आ करा बघू, कितवी काढली?" मी पदर गालाला लावून नुसती मान हलवत राहिले. बोलायचीही चोरी, कारण दाढ काढलेली बाई एवढं खडाखडा कसं बोलेल? आबा ओसरीवरून सांगत, "दाढ लई खोल हुती."

छातीवर पट्टीच्या बाजूला निळं-काळं झालं होतं, वांग्यासारखं. ते कुणी विचारत नव्हतं. सगळा गाव माझ्या तोंडात बघत होता आणि मी गोठ्यात गव्हाणीमागे बसून चोरून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होते. गाई माझ्याकडे बघायच्या. माझ्याच घरात, माझ्याच छातीसाठी मी चोरासारखी भाकरी खातेय, ह्याचा मी जसजसा विचार करी तसतसा मला त्या शिऱ्याचाही राग येई.

रिपोर्ट यायच्या आधीच वडगावचे व्याही आणि विहीणबाई साखरपुड्याचा दिवस धरायला आले. आबांनी मला आधीच बजावलं होतं, म्हणजे ह्यांना म्हणाले, "तिला सांग, गालाला फडकं बांध." मी फडकं बांधलं. पोहे झाले, चहा झाला. हंगामाचे दिवस, म्हणून ह्यांनी फडातून ताजा ऊस आणून त्याची कांडी कोयत्यानं तोडून परातीत ठेवली होती.

विहीणबाई म्हणजे उंच, सावळी, हळू बोलणारी बाई. तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. "तुमची दाढ काढलीय म्हणून कळलं," ती म्हणाली. "पहाटं उठून लापशी केलीय गुळाची. पातळच ठिवलीय, चावाया लागू नये म्हून. गरम हाय तवर घ्या."

मी डबा उघडला. वर वेलदोडा होता, बाजूला गुंडाळून चमचाही ठेवला होता. माझ्या खोट्या दाढेसाठी ही बाई पहाटे उठली होती. उद्या माझी लेक हिच्या हाताखाली नांदणार, आणि आमचं पहिलं देणंघेणं म्हणजे ही एक थाप. मी दाराकडे बघितलं. लेक चौकटीला धरून उभी होती. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण तिनं अगदी बारीक मान हलवली. नको, आई. मी तिच्याकडे बघितलं आणि मग बघायचं सोडलं.

गालाचं फडकं सोडलं. परातीतलं सगळ्यात जाड कांडं उचललं, दाढेत धरलं आणि कडाकड सोललं. साल ओढून टाकली, पेर फोडलं, चावलं. रस हनुवटीवरून खाली आला.

"माझ्या दाढा जागेवर हायेत," मी म्हणाले. "सुई छातीत टोचलीया. गाठ हाय म्हणत्यात, तपासाया दिलीय. कॅन्सर हाय का न्हाय ते अजून कळलं न्हाय. तुमच्यापासून लपवलं ते चुकलं. लापशी मी खानार हाय, पन खोट्या दाढंसाठी न्हाय."

आबांनी डोळे मिटून घेतले. "तसं काय न्हाय पावणं," एवढंच म्हणाले. व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला, जरा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मग आबा, रिपोर्ट येऊ द्या. तवर दिवस नको धराया." ते उठून बाहेर गेले, मागून आबा, मागून हे. लेक आत पळाली. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. मी तिचं नुकसान केलं असेन तर ते तिथंच, त्या क्षणी झालं होतं. तरीही ते कांडं तोंडातून काढून परत खोटं बोलता आलं असतं असं मला आजही वाटत नाही.

विहीणबाई मात्र उठली नाही. माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, डबा ठेवायचं निमित्त करून. चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि विचारलं, "सुई लई दुखती का वो?"

मला वाटलं, विचारायचं म्हणून विचारतेय. "न्हाय," मी म्हणाले. "भूल देत्यात."

मग तिनं माझा हात धरून आपल्या पदराखाली नेला. काखेच्या जरा पुढे, चोळीवरूनसुद्धा लागत होती. खडा असावा तशी.

"दिवाळीपास्नं हाय," ती म्हणाली. "घरात कुनाला बोलले न्हाय. म्हणलं, पोराचं लगीन उरकू दे."

तेच वाक्य. आबांचं वाक्य, जसंच्या तसं, पण तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं ते स्वतःच स्वतःला सांगितलं होतं. एकाच लग्नासाठी इकडे मला गप्प बसवत होते आणि तिकडे ती आपणहून गप्प बसली होती. मला रडू आलं आणि रडता रडता तिचा रागही आला, माझ्यापेक्षा शहाणी दिसणारी बाई आणि दिवाळीपासून.

"उद्याच्याला बारामतीला चला माझ्यासंगं," मी म्हणाले.

"घरात काय सांगू?"

"खरं सांगा. अन् ते जमत नसंल तर काय बी सांगा, पन दाढ सांगू नका. लई शिरा खावा लागतो."

ती रडता रडता हसली.

लेक त्या संध्याकाळी जेवली नाही. माझ्याशी बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस, आई." मी म्हणाले, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. "म्हणाले असते," ती म्हणाली. मग माझ्या पट्टीकडे बघून विचारलं, "दुखतंय का अजून?" सगळ्या घरात हे पहिल्यांदा तिनं विचारलं.

आधी माझा रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टरीण म्हणाली, काही करायचं नाही, ठरलेल्या वेळी येऊन बघून जायचं. घरी आल्यावर आबा देवापुढे नारळ ठेवून आले आणि ह्यांना म्हणाले, "तिला सांग, बघ, काय न्हवतं. उगाच टोचून घेतलं अन् उगाच बोभाटा केला. पावणं दिवस न धरता उठून गेलं, ते अजून डोक्यात हाय माझ्या." मी पदर न घेताच सांगितलं, "काय न्हवतं हे तुमाला त्या सुईनंच सांगितलं, आबा. नायतर तुमी न् मी जलमभर हरभरा मोजत बसलो असतो." गावातले लोक अजून म्हणतात, उगाच गेली. म्हणू देत. खरंच काही निघालं असतं तरच मी बरोबर ठरले असते, हा हिशेब मला मान्य नाही. मी कळून घ्यायला गेले होते आणि मला कळलं.

विहीणबाईचं तसं झालं नाही. ठरल्याप्रमाणे ती बारामतीला येऊन मला भेटली आणि दवाखान्याच्या दारातून तिनं घरच्यांना खरं सांगितलं, माझ्यासमोर, फोनवर, एका दमात. व्याही गाडी घेऊन आले आणि दवाखान्यात ह्यांच्याच बाकड्यावर ह्यांच्यासारखेच मान खाली घालून बसले. आत एकाच माणसाला सोडत होते. नर्सनं विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? "विहीण," मी म्हणाले, अजून साखरपुडाही झालेला नसताना. डॉक्टरिणीनं मला ओळखलं आणि आत घेतलं.

विहीणबाई झोपली, हात डोक्यावर घेतला, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. यंत्र हवेत वाजायच्या आधीच मी तिला म्हणाले, "आता बिल्ल्याची पक्कड वाजंल बघा. भ्यायचं न्हाय." खट्. ती दचकली नाही, पण माझ्या मनगटावर तिच्या बांगड्या रुतल्या. त्या खुणा घरी येईपर्यंत होत्या.

तिचा रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, अजून थांबला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. ऑपरेशन ठरलं, नंतर औषधाची सलाईनं.

आणि मग आबा ओसरीवर बसून म्हणाले, "आता त्या घरात आजार हाय. पोरगी द्यायाची का, परत इचार कराया पायजे." मला वाटलं होतं, ह्या सगळ्यातून आबा काहीतरी शिकले असतील. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक आतून आली. तिनं पदर वगैरे घ्यायचा प्रश्नच नव्हता, ती ड्रेसवर होती. "आबा," ती म्हणाली, "आईची गाठ होती तेव्हा त्यांनी रिपोर्टची वाट बघितली म्हणून तुम्हाला राग आला होता ना? मग आता आपण त्यांच्यासारखंच वागायचं का?" आबा उठले, चपला घातल्या आणि त्याच दुपारी वडगावला जाऊन व्याह्यांना सांगून आले, दिवस धरू. हे त्यांनी केलं, आणि ते मी त्यांच्या नावावर लिहिते.

भटजींनी काढलेल्या तारखा मी डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी सलाईनांच्या मधली एक निवडली, तेव्हा अंगात जरा ताकद असेल म्हणाले. लग्न त्या तारखेला झालं.

लग्नात विहिणींची भेट असते. दोघींनी समोरासमोर यायचं, हळदीकुंकू लावायचं, एकमेकींच्या तोंडात खडीसाखर घालायची, गळाभेट घ्यायची, आणि मांडवातल्या सगळ्या बायका बघत असतात. विहीणबाई नव्या शालूत आली. डोक्यावर पदर घट्ट, पिनांनी बसवलेला, कारण खाली केस नव्हते आणि तिच्या नणंदेनं सकाळपासून त्या पिनांचीच काळजी वाहिली होती. मी मिठी मारली, तिच्या ऑपरेशनच्या अंगाला जपून. तिनं मला जपून न घेता घट्ट धरलं आणि त्यात पिना निघाल्या. पदर खांद्यावर आला. नणंद धावली आणि पदर वर ओढायला लागली.

विहीणबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "वारं लागतंय."

मग तिनं माझ्या तोंडात खडीसाखर घातली. ती मी चांगली कडाकड चावली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी.